केबलचे डिस्क ब्रेक काढून शिमानो एमटी२००: पैसे कुठे वसूल होतात, कुठे अडकतात

दहा-पंधरा हजारांच्या गिअर सायकलला येणारा केबलचा डिस्क ब्रेक पहिला उन्हाळा बरा काढतो. मग पाऊस लागतो, पांदणीतली काळी माती चाकावर थापली जाते आणि पोळ्यापर्यंत लिव्हर ग्रीपला टेकायला लागते. किंवा उलटं होतं: न दाबताच डिस्क घासते आणि सायकल ओढल्यासारखी चालते.

दोष बनावटीतच आहे. या ब्रेकच्या कॅलिपरात (पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या भागात) एकच पॅड हलतो. केबल ओढली की बाहेरचा पॅड डिस्कला ढकलतो आणि डिस्क वाकून आतल्या स्थिर पॅडवर टेकते. आतला पॅड झिजला की चाकाच्या बाजूच्या स्क्रूनं तो पुढे घ्यायचा असतो. तालुक्याच्या दुकानात ते सहसा होत नाही, केबलच आणखी ताणून देतात. ताणलेल्या केबलनं कॅलिपरचा आर्म आधीच अर्धा वळून बसतो, पुढे वळायला जागा उरत नाही, आणि ब्रेक आहे त्यापेक्षा कमजोर होतो. त्यात आउटरमध्ये (केबलवरच्या नळीत) गाळ शिरून गंज धरला की लिव्हर दाबलेली परतच येत नाही. म्हणून हायड्रॉलिकवर, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकवर, पैसे घालण्याआधी नवी केबल, नवा आउटर आणि आतल्या पॅडची सेटिंग एवढं करून पाहा. शाळा-बाजारापुरती सपाट रस्त्यावर चालणारी सायकल तेवढ्यावर वर्षभर निघते.

त्यानंतरही कुरकुर असेल, किंवा परतवाड्याहून धामणगाव गढीवरून चिखलदऱ्याला चढून तोच घाट उतरायचा असेल, तर एमटी२०० हा शिमानोच्या हायड्रॉलिकमधला अगदी खालच्या पायरीचा, पण सरळ ब्रेक आहे. कॅलिपरात दोन पिस्टन, दोन्ही बाजूंनी पॅड येतात, डिस्क वाकत नाही. पॅड झिजतो तसा पिस्टन आपोआप पुढे सरकतो, त्यामुळे दर आठवड्याला पाना घेऊन बसणं संपतं. तेलाचा पाइप बंद असतो, म्हणून गाळ आणि गंजाला वाटच नाही. आमच्याकडच्या मातीत ही एकच गोष्ट निम्मी किंमत वसूल करते. पकड हळूहळू वाढत जाते, एकदम चावत नाही. मुरमाच्या सैल रस्त्यावर हे चांगलं. लिव्हर मात्र लांब आणि थोडी ढोबळ आहे, दिसायला काही खास नाही. लहान हाताच्या पोरांसाठी ती जवळ घेता येते.

पैसे अडकतात ते ब्रेकच्या बाहेर. पहिली अडचण हँडलवर. बऱ्याच स्वस्त सायकलींना ब्रेक लिव्हर आणि गिअर शिफ्टर एकाच तुकड्यात येतात. लिव्हर बदलली की शिफ्टरही गेला. मग तुमच्या गिअरच्या संख्येचे वेगळे शिफ्टर आणि नव्या गिअर केबल घ्याव्या लागतात. ऑनलाइन ऑर्डर टाकण्याआधी हँडलचा फोटो काढून नीट बघा, कारण हा खर्च कुणी आधी सांगत नाही.

दुसरी अडचण बसवण्याची. एमटी२०० पोस्ट माउंटचा आहे: दोन बोल्ट चाकाच्या रोखानं जातात, त्यांच्यातलं अंतर ७४ मिमी. फ्रेमवर किंवा शॉकअपवर बोल्ट आडवे, एक्सलच्या दिशेनं जात असतील आणि अंतर ५१ मिमी असेल, तर ते आयएस माउंट. त्याला अ‍ॅडाप्टर (मधला जोडतुकडा) लागतो, आणि पुढचा व मागचा अ‍ॅडाप्टर वेगळा असतो. जुना केबलचा कॅलिपर दोन बोल्टवर अशाच अ‍ॅडाप्टरला लावलेला असेल आणि डिस्क १६० मिमीचीच ठेवायची असेल, तर तो अ‍ॅडाप्टर फेकू नका, बहुतेक वेळा तोच चालतो. शॉकअपवर कॅलिपरचा कानच नसेल तर विषय तिथेच संपला. वेल्डिंगवाल्याकडून पट्टी लावून घेण्याचा उद्योग ब्रेकच्या बाबतीत करू नये.

सेट घेताना पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे ते पाहा. आपल्याकडे तो सहसा उजव्या हाताला असतो, पण उलटे सेटही विकले जातात. तेल भरून, पाइप जोडून आलेला सेटच घ्या. पुढचा पाइप साधारण १००० मिमी आणि मागचा १७०० मिमी येतो. मागचा थोडा लांब वाटला तरी लगेच कापू नका. कापला की लिव्हरकडच्या टोकाला नवी ऑलिव्ह (पाइपावर चेपून बसणारी बारीक रिंग) आणि पाइपाच्या तोंडात बसणारी नवी पिन लागते (जुनी ऑलिव्ह एकदा चेपली की पुन्हा धरत नाही), ८ च्या पान्यानं ५ ते ७ न्यूटन-मीटरवर (हे आवळण्याच्या जोराचं माप) नट आवळावा लागतो आणि हवा काढावी लागते. त्यापेक्षा फ्रेमला घट्ट धरून झिप-टाय मारा. झोळ तेवढा बाहेर लोंबू देऊ नका. पऱ्हाटीच्या तासातून सायकल ढकलताना तो बरोबर फांदीत अडकतो. फ्रेमवरच्या केबलच्या खाचांत हा ५ मिमीचा पाइप बसत नाही, त्या खाचांना वळसा घालूनच न्यावा.

जुन्या डिस्कवर नवे पॅड लावणं ही कंजुषी महागात पडते. जुनी डिस्क वाकलेली असते, वर तेल खाल्लेली असते, आणि ते तेल नवे पॅड पहिल्याच दिवशी शोषून घेतात. सहा बोल्टच्या हबला शिमानोची आरटी२६ डिस्क पुरते. बोल्ट टी२५ टॉर्क्सचे, समोरासमोरचे आळीपाळीनं, २ ते ४ न्यूटन-मीटर. हाताच्या अंदाजानं सांगायचं तर लहान की दोन बोटांनी फिरवून थांबली की बास. या डिस्कवर ‘फक्त रेझिन पॅड’ (मऊ मसाल्याचे) असं कोरलेलं असतं ते खरं माना. मेटल पॅड लावले तर डिस्क खरवडून जाते. नवी डिस्क १.८ मिमी जाड असते, १.५ वर आली की बदलायची. पॅडचा मसाला ०.५ मिमी उरला की पॅड काढायचे. पॅड बी०५एस मागा. जुन्या साठ्यातले बी०१एससुद्धा त्याच आकाराचे आहेत.

कॅलिपर मधोमध बसवण्यात खरा वेळ जातो. दोन्ही बोल्ट अर्धा आटा सैल करा, लिव्हर घट्ट दाबून रबर बँडनं बांधा, मग बोल्ट एकदा वरचा, एकदा खालचा असे थोडे थोडे आवळा. शेवटी ६ ते ८ न्यूटन-मीटर. एक बोल्ट एकदम आवळला तर कॅलिपर त्याच्याबरोबर फिरतो आणि सगळं पहिल्यापासून. नंतर कॅलिपरमागे पांढरा कागद धरून वरून बघा. डिस्कच्या दोन्ही बाजूंना कागदाची बारीक पांढरी रेघ सारखी दिसली पाहिजे. एका बाजूची रेघ चाक फिरताना मिटते-उघडते असं दिसलं तर दोष कॅलिपरचा नाही, डिस्क वाकडी आहे. ती स्वच्छ फडक्यात धरून अ‍ॅडजस्टेबल पान्यानं अगदी हलकी सरळ करायची.

बसवल्यावर लगेच घाटात जाऊ नका. रिकाम्या सपाट रस्त्यावर २०-२५ च्या वेगानं जाऊन चालण्याच्या वेगापर्यंत ब्रेक दाबा, पूर्ण न थांबता सोडा. पुढच्या-मागच्याला वीस-वीस वेळा. पहिल्या पाच-सहा वेळा ब्रेक लागतच नाही असं वाटेल. डिस्कवर पॅडचा थर बसला की पकड येते. हे न केल्यामुळेच ‘नवीन ब्रेक फालतू निघाला’ अशा निम्म्या तक्रारी असतात.

आता तेल. यात शिमानोचं लालसर मिनरल ऑइल जातं, दुसरं काही नाही. तालुक्यात मोटरसायकलच्या डिस्क ब्रेकचं काम करणारे हुशार मेकॅनिक भरपूर आहेत, आणि धोका तिथेच आहे. त्यांच्या फळीवर डॉट ३ किंवा डॉट ४ ची बाटली असते. ते तेल या ब्रेकात गेलं की सील फुगतात, पिस्टन अडकतात आणि लिव्हर-कॅलिपर दोन्ही भंगारात. त्यामुळे मिनरल ऑइलची १०० मिलीची बाटली, लिव्हरवर बसणारं फनेल, सिरिंज आणि पारदर्शक नळी हे ब्रेकसोबतच मागवा. हवा काढणं अवघड नाही: फनेल लिव्हरवर, कॅलिपरमध्ये पॅडऐवजी पिवळा ब्लॉक, खालच्या निपलमधून सिरिंजनं तेल वर ढकलायचं, बुडबुडे थांबले की बंद. तेल लागलेलं फडकं पॅड-डिस्कपासून लांब ठेवा.

तेलकट पॅड हा इथला रोजचा रोग. चेनवर स्प्रे मारला की उडतो तो मागच्या डिस्कवर. कॅरिअरवर फवारणीचा पंप बांधून वावरात गेलं की झाकणातून गळणारं औषध थेट मागच्या कॅलिपरवर टपकतं. मग ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. रॉकेल, पेट्रोल नको, आणि हँडवॉशच्या जागी वापरायचं सॅनिटायझरही नको, त्यात बऱ्याचदा ग्लिसरीन असतं. तेल प्यायलेला रेझिन पॅड तव्यावर भाजून सुधारत नाही, नवाच घ्या. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाइप कॅलिपर आणि हबवर धरू नका. साधं पाणी, ब्रश, आणि काळी माती वाळायच्या आत. वाळली की ती पॅडच्या फटीत सिमेंटसारखी बसते.

घाटात १६० च्या डिस्कची मर्यादा दिसते. चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर आहे आणि उतारावर सतत ब्रेक धरून राहिलं तर रेझिन पॅड तापून पकड सोडायला लागतो. दाबा, सोडा, पुन्हा दाबा. वजन जास्त असेल तर पुढे १८० ची डिस्क आणि तिचा अ‍ॅडाप्टर घ्या, शॉकअप कंपनीनं तेवढी परवानगी दिली असेल तरच.

हायड्रॉलिकची सर्व्हिस घरी करायची तयारीच नसेल, तर एमटी२०० घेऊ नका. त्यापेक्षा एविड बीबी७ बरा: चालतो केबलवरच, पण दोन्ही पॅड वेगवेगळ्या नॉबनं हातानं पुढे घेता येतात आणि केबल कुठल्याही गावात मिळते. घेताना माउंटनवाला मागा, रोडचा वेगळा असतो.

आणि पंक्चरवाल्याला आधीच सांगून ठेवा. सायकल सीट-हँडलवर उलटी उभी केली की लिव्हरच्या टाकीतली थोडीशी हवा पाइपात शिरते आणि सरळ केल्यावर लिव्हर मऊ लागते. बसण्याआधी आठ-दहा वेळा दाबून बघा, बहुतेकदा कडक होते. नाही झाली तर हवा काढल्याशिवाय सायकल रस्त्यावर आणू नका. चाक बाहेर असताना कुणी पोरानं लिव्हर दाबली तर दोन्ही पॅड एकमेकांना चिकटतात. पॅड काढून टायर काढायच्या प्लास्टिकच्या लिव्हरनं पिस्टन सरळ मागे ढकला. स्क्रू-ड्रायव्हरनं नाही, पिस्टनची कड तुटते.