१४५६६: ॲट्रॉसिटीची हेल्पलाइन नागपुरात कितपत कामाची?

जातीवरून मारहाण, शिवीगाळ किंवा बहिष्कार झाला आणि ठाण्यात कोणी दाद देईना, तर १४५६६ हा टोल-फ्री नंबर लावायचा. केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याने डिसेंबर २०२१ मध्ये सुरू केलेली ही सेवा चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. मार पडत असताना मात्र ११२च लावा.

खरी किंमत डॉकेट नंबरची, म्हणजे हेल्पलाइनवरच्या तक्रारीच्या नोंद क्रमांकाची. तो मागूनच घ्या. तक्रार कुठे अडली ते त्यावरून ऑनलाइन दिसतं. पण डॉकेट म्हणजे एफआयआर नव्हे, आणि फसगत होते ती इथेच. फोन केला म्हणून माणूस निश्चिंत, तिकडे ठाण्यात एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून बोळवण! ॲट्रॉसिटी कायद्याच्या (अनुसूचित जाती-जमातींवरचे अत्याचार रोखणारा कायदा) कलम १८अ नुसार गुन्हा नोंदवायला प्राथमिक चौकशी लागत नाही. ‘आधी चौकशी करतो’ असं कोणी म्हणालं, तर ते अधिकाऱ्याच्या नावासह हेल्पलाइनला कळवा.

फिर्यादीत जातिवाचक शब्द जसेच्या तसे उतरवून घ्या, आणि तेव्हा आजूबाजूला कोण होतं तेही. चार भिंतींत, बाहेरचं कोणी नसताना झालेला अपमान या कायद्याच्या जातिवाचक अपमानाच्या कलमात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलंय. साक्षीदार नसले की केस तिथेच ढिली पडते. जखम असेल तर मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयात एमएलसी (पोलीस केससाठीची वैद्यकीय नोंद) करा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, जामिनाच्या सुनावणीची नोटीसही. दोन्ही कलम १५अ मध्ये आहे. तपास शहरात एसीपीने (सहायक पोलीस आयुक्त), उमरेड-काटोलकडे ग्रामीण भागात एसडीपीओने (उपविभागीय पोलीस अधिकारी) करायचा, ६० दिवसांत. खालच्या अधिकाऱ्याने केला की बचावाचा वकील पहिलं बोट त्यावरच ठेवतो.

पैसे हेल्पलाइन देत नाही. त्यासाठी दीक्षाभूमीजवळच्या सामाजिक न्याय भवनात समाजकल्याणकडे जावं लागतं. जातिवाचक अपमानाला १ लाख रुपये: २५ टक्के एफआयआरनंतर, ५० टक्के दोषारोपपत्र कोर्टात गेल्यावर, बाकी शिक्षा झाल्यावर. नियमात तातडीच्या मदतीला ७ दिवस आहेत, पण जातीचा दाखला हाती नसला की फाइल अडते. दाखला, बँक पासबुक, एफआयआर, एमएलसी यांच्या प्रती एकदमच द्या.

धर्म किंवा भाषेवरून हल्ला झालेल्यांना ही हेल्पलाइन उपयोगाची नाही. पाच किंवा अधिक जणांनी मिळून समाज, भाषा वा श्रद्धेवरून जबर दुखापत केली असेल, तर भारतीय न्याय संहितेचं ११७(४) लावायला सांगा. ठाण्याने हद्दीचा वाद घातला तर झिरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द कुठलीही असो, गुन्हा तिथेच नोंदवायचा.

हेल्पलाइनला पाचपैकी तीन गुण. पाठपुरावा करणारा माणूस सोबत असेल तर चार.