विजया तेल, एमएस आणि आपला उन्हाळा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूच्या नसांचा आजार. नोव्हेंबर ते जून, तेलाचा रोजचा वापर. पाय ताठ होऊन रात्री झटक्यांनी मोडणारी झोप बरीच सुधारली, चालणं होतं तिथंच राहिलं. हाताचा थरकाप, तोल, थकवा यांत काडीचा फरक नाही. आजाराचं मूळ औषध आणि बॅक्लोफेन (ताठपणा कमी करायची गोळी) चालूच आहेत. बॅक्लोफेन मनानं एकदम सोडलं तर फिट येऊ शकते, तेव्हा तो नाद नको.

हे तेल म्हणजे भांगेच्या पानांचा अर्क, आयुर्वेदात ‘विजया’. वैद्यांच्या चिठ्ठीवर मिळतं. बाटलीवरच्या मोठ्या आकड्यानं भुलू नका, तो बहुतेकदा अख्ख्या अर्काचं वजन असतो, टीएचसीचं (भांगेतला नशा आणणारा घटक) नाही. बॅचचा लॅब रिपोर्ट मागून घ्या. आमच्या 30 मिलीच्या बाटलीत दर मिलीला टीएचसी 10 मिग्रॅ, सीबीडी (भांगेतलाच, पण नशा न आणणारा घटक) जवळपास तेवढंच. म्हणजे पाव मिलीत टीएचसी 2.5 मिग्रॅ.

थेंब मोजून भागत नाही, प्रत्येक थेंब सारखा पडत नाही. 1 मिलीची बिनसुईची सिरिंज घ्या. तालुक्याच्या मेडिकलवाल्यानं इन्सुलिनची हातात ठेवली तर सावध: तिच्यावर बहुतेकदा 40 खुणा असतात आणि 40 म्हणजे 1 मिली. 25 ची खूण पाव मिली समजून भरली की अडीचपट डोस पोटात!

सुरुवात पाव मिलीनं, फक्त रात्री, जेवणानंतर. तीन-चार दिवस तोच डोस, मग वैद्य आणि न्यूरॉलॉजिस्ट दोघांना सांगून वाढ. एक दिवस उपाशी आणि दुसऱ्या दिवशी तर्रीवर, असं घेतलं तर तेच तेल वेगळं लागतं, कारण तेलकट जेवणासोबत ते जास्त शोषलं जातं. आता दुपारी पाव आणि रात्री अर्धा मिली. बाटली 40 दिवस पुरते. रोज रात्री वहीत ताठपणाला 0 ते 10 मधला आकडा आणि झटक्यांनी किती वेळा जाग आली ते लिहायचं. सॅटिव्हेक्स नावाचा भांगेचा फवारा परदेशात एमएससाठी देतात. त्याचा नियम असा की चार आठवड्यांत ताठपणा निदान 20 टक्के उतरला नाही तर बंद. तोच इथं लावला.

खरी गोची पुढं होती. ताठ पाय हाच कधीकधी उभं राहायचा आधार असतो. रात्रीचा एकाच वेळचा डोस पाऊण मिलीवर नेला तेव्हा पाय छान सैल झाले, आणि मोरीकडे जाताना गुडघे दुमडले. त्यात टिझानिडीन (ताठपणाचीच दुसरी गोळी) चालू असेल तर दोन्ही मिळून बीपी उतरवतात, उठल्याबरोबर डोळ्यांपुढं अंधारी येते. रात्री लघवीचं भांडं खाटेजवळच ठेवा. उठण्याआधी दोन मिनिटं काठावर बसा.

पाय अचानक जास्त आवळले तर तेल वाढवू नका. आधी लघवीत जळजळ, तुंबलेलं पोट, टाचेवर फोड, बोटात रुतलेलं नख हे बघा. यातलं काहीही ताठपणा चढवतं, आणि कारण दूर झालं की तो उतरतो.

उन्हाळ्याचं वेगळंच. एमएसमध्ये अंगाचं तापमान अर्ध्या अंशानं चढलं तरी जुनी लक्षणं उसळतात. नवतप्यात वावरातून आलं की नजर धूसर आणि पाय जड. घरचे म्हणाले तेलाची सवय झाली, असर गेला. तसं काही नव्हतं. मानेवर ओला दुपट्टा, गार पाणी, कुलरसमोर तासभर पडलं की उतरायचं. ताप-ऊन काही नसताना नवं लक्षण 24 तासांवर टिकलं तर मात्र थेट न्यूरॉलॉजिस्ट.

उजेड-उष्णतेनं टीएचसी मोडतं. लाइटीचा भरवसा नाही, म्हणून बाटली झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, माठाखालच्या ओल्या रेतीवर.

‘त्यापेक्षा भांगेची गोळी स्वस्त’ असं सांगणारे भेटतील. गोळीत किती काय ते कुणालाच ठाऊक नसतं, असर चढायला तास-दोन तास लागतात, तोवर माणूस दुसरी घेतो. शिवाय महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यानं परवान्याशिवाय भांग चालत नाही, आणि गांजा 1985 च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली गुन्हाच. एसटीनं नागपूरला जाताना तेल मूळ बाटलीतच, सोबत चिठ्ठी आणि बिल. घरात कुणाला मानसिक आजार झालेला असेल तर डॉक्टरला ते आधी सांगा, बाटली नंतर.