दादरचं श्रवणयंत्राचं दुकान : स, श, च परत मिळाले

नौदलात हेलिकॉप्टरच्या दारात गुडघे टेकून विंच (माणसाला दोराने खाली-वर करणारं यंत्र) चालवण्यात माझी 22 वर्षं गेली, बरीचशी चेतकमध्ये. दोरावर माणूस लटकलेला असताना पायलटला थेट खालचं दिसत नाही. 'पुढे पाच, उजवीकडे दोन' असं आम्ही सतत सांगत राहायचं. हेल्मेट होतं, तरी हेलिकॉप्टरच्या आवाजाने कान गेलेच. (नोकरीतल्या पोरांनो, आत फोमचे बोळेही घाला रे.)

या दुकानातल्या मुलीने तपासणी घाईत उरकली नाही. आलेखात 4000 हर्ट्झपाशी, म्हणजे बारीक, उंच आवाजांच्या जागी, खड्डा दिसताच म्हणाली, "काका, कारखान्यात होतात का?" सततच्या गोंगाटाने कान आधी तिथेच खचतो, हे तिने कागदावर काढून दाखवलं. स, श, च हे असेच बारीक आवाज, म्हणूनच बायकोचं 'चहा?' मला नुसतं 'हा?' ऐकू यायचं!

कानामागचं यंत्र घेतलं. बॅटरी आठवडाभर पुरते. कुकरची शिट्टी मात्र टोचायची. दोनदा जाऊन यंत्राचा आवाज जुळवून घेतला, जादा पैसे लागले नाहीत. तरी अजून थोडी टोचतेच.

जिना अरुंद आहे. माझ्यासारखे गुडघे असतील तर खालून फोन करा, ती स्वतः उतरून येते.