आठ महिने सर्च इंजिनं आलटून पालटून वापरल्यावर

प्रश्न वरवर साधा होता: प्रोग्रॅमने लिहिलेली फाइल खरोखर डिस्कवर पोचली, हे कशावरून समजायचं? एफसिंक हा सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने ऑपरेटिंग सिस्टिमला केलेली विनंती) त्यासाठीच आहे, इथपर्यंत मला ठाऊक होतं. पण एफसिंकच एरर देऊन परतला तर तो पुन्हा एकदा करून पाहावा की नाही, इथे माझी गाडी अडली. गेले आठ महिने हा विषय डोक्यात आहे. त्यासाठी गूगल, बिंग, डकडकगो, स्टार्टपेज, ब्रेव्ह आणि मोजीक ही सहा सर्च इंजिनं आळीपाळीने वापरली. एखाद्या लायब्ररीची अधिकृत साइट किंवा शब्दाचं स्पेलिंग शोधायचं असेल तर सहापैकी कुठलंही चालतं, त्यामुळे तो भाग सोडून देते.

पहिला महिनाभर मी स्वतःचीच फसवणूक करून घेतली. डकडकगोवर जी पानं वर येत, तीच थोड्याफार फरकाने बिंगवर दिसली की मी खूश व्हायचे: दोन ठिकाणी दुजोरा मिळाला! प्रत्यक्षात डकडकगोचे नेहमीचे वेब निकाल मुख्यतः बिंगकडून येतात. स्टार्टपेजही वर्षानुवर्षं गूगलचे निकाल दाखवत आलं आहे. म्हणजे साक्षीदार एकच, फक्त सदरा बदलून पुन्हा पिंजऱ्यात उभा. 23 मे 2024 रोजी बिंगमध्ये बिघाड झाला तेव्हा डकडकगो आणि इकोसिया या आणखी एका सर्च इंजिनाचे निकालही बंद पडले होते, त्यावरून हे नातं किती घट्ट आहे ते कळतं. आपला माग काढला जाऊ नये म्हणून डकडकगो किंवा स्टार्टपेज वापरणं अगदी रास्त आहे, मीही वापरते. पण दुसरं मत म्हणून त्यांच्याकडे बघू नये. दुसरं मत हवं असेल तर स्वतः वेब पालथं घालून स्वतःचा इंडेक्स, म्हणजे पानांची सूची, बांधणाऱ्याकडे जावं लागतं. माझ्या सहामध्ये असे चारच होते: गूगल, बिंग, ब्रेव्ह आणि मोजीक.

हे लक्षात आल्यावर तुलनेची रीतच बदलली. आधी मी पहिलं उत्तर कोण चांगलं देतं ते बघत होते. आता मला माहीत नसलेला शब्द कोण हाती देतं ते बघू लागले. 'एफसिंक फेल झाला तर काय करावं' असं विचारलं की सगळीकडे तीच गुळगुळीत पानं येत: एफसिंक म्हणजे काय, त्याचे फायदे, उदाहरण, संपलं. मोजीक शब्दाला शब्द जुळवण्यावर भर देतं आणि त्याचा इंडेक्स गूगलच्या मानाने लहान आहे. तिथे दुसऱ्या पानावर कुणाची तरी जुनी, बिनरंगाची टिपणं सापडली. त्यात 'राइटबॅक एरर' हा शब्द होता, म्हणजे मेमरीतला डेटा मागाहून डिस्कवर उतरवताना आलेला एरर. तो मिळाला आणि कोंडी फुटली.

तोच शब्द अवतरणचिन्हांत घालून, शोध एकेका साइटपुरता मर्यादित करून गूगलवर टाकला, तेव्हा 2018 मधली पोस्टग्रेस या डेटाबेसच्या डेव्हलपर्सची चर्चा समोर आली. लिनक्समध्ये डिस्कवर लिहिणं फसलं तरी मेमरीतलं ते पान (डेटाचा तुकडा) 'स्वच्छ', म्हणजे डिस्कवर पोचलेलं, म्हणून नोंदलं जाऊ शकतं. एरर एकदा सांगून झाला की दुसरा एफसिंक बिनदिक्कत 'यशस्वी' म्हणून परततो. डेटा मात्र गेलेला असतो! म्हणून फेब्रुवारी 2019 मध्ये आलेल्या 11.2 आवृत्तीपासून पोस्टग्रेस अशा वेळी पुन्हा प्रयत्न न करता सरळ कोसळतं आणि लॉगमधून, म्हणजे बदलांच्या आधीच लिहून ठेवलेल्या नोंदींमधून, सावरतं. पुढे फक्त पीडीएफ दाखवणारी 'फाइलटाइप'ची अट लावल्यावर युसेनिक्स या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेच्या परिषदेतला 2020 चा पेपरही हाती लागला. ईएक्सटी4, एक्सएफएस आणि बीटीआरएफएस या तीन फाइलसिस्टिमवर (डिस्कवर फाइल ठेवण्याच्या पद्धतींवर) रेडिस, एसक्यूलाइट, पोस्टग्रेस धरून पाच प्रोग्रॅम तपासले, आणि एकाचीही तजवीज पुरी पडली नाही. खोल खणायला गूगलच लागतं, हे मान्य करावं लागेल. फक्त कुठे खणायचं ते आधी कळलेलं असावं.

आता तक्रारी. नावं घेत नाही. एक इंजिन 'एफसिंक' टाइप केलं की परस्पर 'आरसिंक' या फाइल कॉपी करण्याच्या वेगळ्याच प्रोग्रॅमची पानं दाखवायचं, आणि खाली बारीक अक्षरात 'तुम्हाला एफसिंकच हवं आहे का' असं विचारायचं. हो बाबा, तेच टाइप केलं होतं! दुसऱ्या एकाने वरच्या एआय सारांशात 'एरर आल्यास पुन्हा एफसिंक करा' असं ठामपणे सांगितलं. खाली दिलेली लिंक उघडली तर तिथे नेमकं उलट लिहिलं होतं. सारांश वाचून थांबले असते तर प्रोग्रॅममध्ये तीच चूक केली असती.

उपाय आहेत. गूगलमध्ये टूल्सखाली 'व्हर्बाटिम' ही सोय 2011 पासून आहे, ती निवडली की शब्दांची अदलाबदल बरीच कमी होते. मे 2024 मध्ये आलेला 'वेब' फिल्टर लावला की सारांश वगैरे जाऊन नुसत्या लिंका उरतात. 'बिफोर' आणि 'आफ्टर'ने तारखेची हद्द घालता येते. माझ्या विषयात 2018 च्या आधीचा सल्ला आणि नंतरचा सल्ला वेगळा असल्याने याचा सर्वाधिक उपयोग झाला. पण दिसणाऱ्या तारखेवर आंधळा विश्वास नको. जुन्याच मजकुराला नव्या वर्षाचं लेबल लावणारी पानं पैशाला पासरी आहेत.

ब्रेव्हचं 'गॉगल्स' मला उशिरा कळलं. कुठल्या साइट वर आणायच्या आणि कुठल्या गाळायच्या याचे नियम आपणच लिहायचे. माझे वीसेक नियम झालेत, त्यातले बरेचसे गाळण्याचेच. बिंगबद्दल विशेष सांगण्यासारखं काही नाही, काम करतं.

सध्या ब्राउझरमध्ये डकडकगो डिफॉल्ट ठेवलंय, मुख्यतः उद्गारचिन्हाच्या शॉर्टकटसाठी: उद्गारचिन्ह आणि जी लिहिलं की तोच शोध गूगलवर जातो. नवा विषय असला की आधी मोजीक आणि ब्रेव्हवर फिरून शब्द गोळा करते, वहीत लिहून ठेवते, आणि मगच गूगल उघडते. आता एनएफएसवर (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवरच्या फाइल वापरण्याच्या पद्धतीत) एफसिंक कसा वागतो ते शोधतेय. वहीत चार शब्द झालेत.