हाताने लिहिलेली वेबसाइट, काही महिन्यांनंतर: सगळं झकास, मेनू सोडून

माझ्या साइटच्या मेनूत एक लिंक वाढवली आणि निम्म्या पानांवर जुनाच मेनू राहिला. चिडचिड ताजी आहे तोवर लिहून टाकतो.

कुणालाही मोफत वेबपानं ठेवू देणाऱ्या जिओसिटीजची अमेरिकन सेवा याहूने २००९ मध्ये बंद केली. तोच बाज घेऊन २०१३ मध्ये निओसिटीज आलं. मोफत खात्यात १ जीबी जागा, जाहिरात नाही. नुसत्या एचटीएमएल पानांना एवढी जागा संपता संपत नाही. ८८ बाय ३१ पिक्सेलची बटणं लावा, मार्की सरकवा (सरकत्या मजकुराचा टॅग; प्रमाणातून बाद, तरी ब्राउझर चालवतात). मजकूर लुकलुकवणारं ब्लिंक मात्र गेलं. फाइलच्या नावात लहान-मोठी अक्षरं तंतोतंत जुळवा. विंडोजवर चालणारा फोटो सर्व्हरवर ४०४ (फाइल सापडली नाही) देतो तो बहुधा यामुळेच.

आता मेनू. स्टॅटिक होस्टिंगवर (जिथे फाइली जशाच्या तशा वाचकाला पाठवल्या जातात) एक तुकडा सगळ्या पानांत ओढून आणायची सोय नसते. पूर्वी पान चौकटींत विभागणारा फ्रेमसेट होता, एचटीएमएल ५ ने तो हद्दपार केला. आयफ्रेम (पानात दुसरं पान दाखवणारी चौकट) वापरला तर उंची आधीच ठरवावी लागते, मोबाइलवर मेनू दोन ओळींचा झाला की खालची ओळ कापली जाते. शिवाय मेनूच्या पानातल्या बेस टॅगमध्ये टार्गेट '_टॉप' दिलं नाही तर लिंक दाबल्यावर अख्खं पान त्या चिंचोळ्या पट्टीतच उघडतं!

जावास्क्रिप्ट नकोच, हा हट्ट होता. तो सोडला. मेनू.जेएस नावाच्या फाइलीत सगळा मेनू एका स्ट्रिंगमध्ये ठेवायचा, डॉक्युमेंट.राइटने छापायचा आणि प्रत्येक पानात मेनूच्या जागी एका ओळीचा स्क्रिप्ट टॅग टाकायचा. फेच (जावास्क्रिप्टने दुसरी फाइल मागवायची सोय) वापरू नका, फाइल डबल-क्लिक करून उघडली की ब्राउझर ते अडवतो. उपफोल्डरमधल्या पानांसाठी लिंक तिरप्या रेघेने सुरू करा. मात्र घरच्या मशीनवर ती रेघ थेट डिस्कच्या मुळाशी नेते, म्हणून तपासताना पायथॉनचा एचटीटीपी.सर्व्हर चालवा, एका ओळीचं काम आहे.

एवढं करूनही जुना मेनू दिसला तर दोष कॅशेचा, म्हणजे ब्राउझरने साठवलेल्या जुन्या प्रतीचा. फाइलच्या नावापुढे '?व्ही=२' जोडलं की नवा येतो, पण ते जोडायचं प्रत्येक पानात! म्हणजे पुन्हा तेच. स्वतःपुरतं कंट्रोल-एफ५ दाबा, वाचकांना एखादा दिवस जुना मेनू दिसला तर दिसू दे.

'एलेव्हन्टी घाला' असं कुणी सांगेलच; टेम्पलेटांवरून सगळी पानं बनवून देणारं ते साधन. सात लिंकांसाठी त्याला लागणारं नोडचं (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं) गाठोडं उतरवून घ्यायची माझी तयारी नाही. तसंच दुसरं साधन ह्यूगो एकाच फाइलीत मिळतं, पण त्याची टेम्पलेटं शिकण्यापेक्षा 'सगळ्या फाइलींत शोधा आणि बदला' परवडतं.