जंजिरा की विजयदुर्ग? एकच पाहणं होणार असेल तर

आपल्याकडे वऱ्हाडात किल्ला म्हटलं की गाविलगड, नाहीतर नरनाळा. सकाळी निघून रात्री घरी. समुद्रातल्या किल्ल्याचं तसं नाही. रेल्वेची अख्खी रात्र आणि वर एस.टी.चा प्रवास. म्हणून तूर विकून झाल्यावर निघणारे विचारतात, दोन्हींपैकी कोणता? मी दोन वेगळ्या वर्षी दोन्ही पाहून आलो.

भव्यपणात जंजिराच पुढे. राजपुरीहून शिडाची नाव निघते आणि अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसतच नाही, नुसता तट. शिवाजी महाराजांनी जवळच कासा बेटावर पद्मदुर्ग उभा केला, संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये पाण्यात भर घालून सेतू बांधायला घेतला, तरी जंजिऱ्याचा धनी सिद्दी हटला नाही.

पण नाववाला तासाभरात परत बोलावतो. त्याचंही खरं आहे, पुढची माणसं खोळंबलेली असतात. माझे वडील तेव्हा पहिल्यांदा समुद्र पाहत होते. कलालबांगडी तोफेवर हात ठेवून ते उभे राहिले आणि तेवढ्यात खालून हाक आली. गोड्या पाण्याचा तलाव राहूनच गेला. आम्ही खारपाणपट्ट्यातले, आमच्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. चहूकडे समुद्र असताना किल्ल्यात गोडं पाणी, हेच तर वडिलांना पाहायचं होतं. परतीच्या नावेत ते काही बोलले नाहीत. ते मला अजून लागतं.

विजयदुर्गाला नाव लागत नाही. तीन बाजूंना पाणी, एका बाजूने पायी आत. मुलाला घेऊन गेलो तेव्हा अख्खी दुपार तिहेरी तटावर बसलो. हा किल्ला पडला, हे खरं. फेब्रुवारी १७५६ मध्ये समुद्रातून इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनच्या जहाजांनी तोफा डागल्या, आगीत किल्ल्याचे धनी, मराठा सरदार तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं, आणि पेशव्यांची फौज इंग्रजांच्या बाजूने होती. मुलाने विचारलं, आपलेच लोक तिकडे कसे? उत्तर द्यायला मला संध्याकाळपर्यंत वेळ मिळाला. जंजिऱ्यावर तो मिळाला नसता.

तरण्या पोरांचा गट असेल तर जंजिराही चुकीचा नाही, पावसाळा तेवढा टाळावा. घरचं म्हातारं माणूस सोबत असेल तर मात्र मी विजयदुर्गच म्हणेन, निदान माझा अनुभव तसा आहे. वडील यंदा पुन्हा समुद्र पाहायचा म्हणतात. तिकिटं कणकवलीची काढली आहेत.