जुन्या माळवदाच्या घराचं काम करणारे मेस्त्री : गवंडीकाम एक नंबर, नळाचं काम दुसऱ्याला द्या

पाच पैकी चार स्टार. एक कापलाय तो नळाच्या कामाचा, त्याचं पुढं लिहिते.

आधी घर कसलं ते सांगते नाहीतर हे वाचून उपयोग नाही. सोलापुरात दक्षिण कसब्यातलं जुनं दगडी घर, सोपा (ओसरी) आणि आतली खोली माळवदाची, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छप्पर, पुढं नंतर कुणीतरी बांधलेली पत्र्याची खोली, मागं न्हाणी, आणि कित्येक वर्षं कुलूप. आम्ही विजापूर रोडला भाड्यानं राहायचो, तिकडं स्वतःचा फ्लॅट बजेटमधे बसेना म्हणून हे घेतलं. कागदांचं वेगळंच पुराण आहे (मालमत्ता पत्रकावर विकणाऱ्याच्या आजोबांचं नाव आणि वारस पार हैदराबादपर्यंत, सगळ्यांच्या सह्या जमायच्या आत बयाणा देऊ नका, आणि खरेदी बाईच्या नावानं केली तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट मिळते ती घ्या की).

जो कॉन्ट्रॅक्टर आला त्यानं वर बघितलं आणि म्हणाला पाडा, स्लॅब टाका. त्यांची भीती खोटी नाही, १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात अशीच दगडमातीची घरं वरच्या मातीसकट माणसांवर बसली, आमच्या सासूबाईंना ती पहाट अजून आठवते, त्या तर माळवदाखाली झोपायलाच तयार नव्हत्या. हे मेस्त्री पूर्व भागातले, ओळखीतनं मिळाले. आल्या आल्या प्रत्येक तुळईत स्क्रू ड्रायव्हर खुपसून वाळवी बघितली, भिंतीवर हातोडी मारून कुठं पोकळ वाजतंय ते ऐकलं, मग वर चढून एका कोपऱ्यात खड्डा घेतला. मातीचा थर दोन फुटाच्या आसपास! दर पावसाळ्याआधी गळतंय म्हणून पांढरी माती टाकत गेले, जुनी काढायचं कुणाच्या मनातच आलं नाही. "वैनी, कशाला पाडताव, वजन उतरवू की," एवढंच बोलले.

आणि उतरवलं. सगळी माती खाली, दोन तुळया पोखरलेल्या त्या बदलल्या (जुन्या लाकडाच्या वखारीत कुठल्यातरी वाड्याचं सागवान मिळालं, नव्यापेक्षा बरंच स्वस्त), खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरके टेकू ठोकले, मग लाकडी पाट, प्लॅस्टिक, सहा-सात इंच माती आणि वर वीट-चुन्याचा कोबा, उतार पन्हाळीकडं. जाड दगडी भिंतीत आतला एक थर आणि बाहेरचा एक असे दोन थर असतात, मधे नुसता भराव, हलली की दोन्ही सुटतात. म्हणून ठराविक अंतरावर आरपार भोकं पाडून सळई घातली आणि काँक्रीट भरलं. किल्लारीनंतर त्या भागातल्या घरांच्या दुरुस्तीला हेच सांगितलं होतं, आम्ही बोलावलेल्या इंजिनियरनंही मान डोलावली. इंजिनियरची फी वेगळी गेली पण ती वाचवू नका, सासूबाई मेस्त्रींच्या शब्दावर नाही, इंजिनियरच्या शब्दावर आत झोपायला लागल्या.

गिलावा चुन्याचा केला. आधीच्या मालकानं ओल दिसू नये म्हणून खाली सिमेंट मारलेलं, ओल आत कोंडून वर चढलेली. ते सगळं खरवडलं. चुना वाळायला वेळ लावतो, तोवर रंगाची घाई करू नका. मे महिन्यात बाहेर ४३-४४ असताना पत्र्याच्या खोलीतनं सोप्यात आलं की पैसे कुठं गेले ते कळतं.

आता नळाचं. सोलापुरात पाणी कसं येतं सगळ्यांना माहितीय, मधे काही दिवस नळ कोरडा, म्हणजे इथं किचनच्या आधी हौदाचा विचार पाहिजे. मेस्त्रींनी पुतण्याला आणलं प्लंबर म्हणून. पोरगा गोड आहे, पण भिंतीतले पाइप प्रेशरला टेस्ट न करताच वर टाइल्स चिकटवल्या, मोटर लावली आणि न्हाणीची भिंत पाझरायला लागली. नव्या टाइल्स फोडल्या. मजुरी त्यांनी घेतली नाही, टाइल्सचे पैसे आमचेच गेले, यावर मेस्त्री नुसते हसतात, मला अजून हसू येत नाही.

बाकी तक्रारी किरकोळ. फोन उचलत नाहीत. हिशोब डोक्यात, कागदावर काही नाही, मीच वहीत लिहून दर शनिवारी सही घ्यायचे. मजुरी सगळी मिळून दोन लाख चाळीस हजार, माल आम्ही आणला. उक्तं (सगळ्या कामाची एकच ठरलेली रक्कम) द्या असं म्हणत होते, पण जुन्या घरात उघडल्याशिवाय कळत नाही म्हणून माळवद आणि भिंती रोजानं दिल्या, गिलावा आणि शहाबादी फरशी तेवढी उक्ती.

ज्यांना काम द्यायचंय त्यांनी सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा उरकली की लगेच बोलून ठेवा. जानेवारीत जत्रेच्या दिवसांत ते कामावर येत नाहीत, आणि मृगाच्या तोंडावर माळवद उघडत नाहीत, कितीही पैसे दिले तरी. प्लंबर मात्र तुमचा तुम्ही आणा.